आधी खर्च, मग पट्टी

गावची जत्रा पंधरा दिवसांवर आली की देवळात बैठक बसते. मांडव, पालखीपुढचं वाजंत्री, कुस्त्यांची इनामं, रात्रीचा तमाशा, भंडाऱ्याचा गहू आणि गूळ असा एकेक खर्च कागदावर चढतो. बेरीज होते. मग कुणीतरी गावातले उंबरे मोजतो आणि आकडा जाहीर होतो : यंदा घरटी पाचशे. मुंबईला नोकरी करणाऱ्यांनी थोडे जास्त द्यावेत, एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे मागू नयेत, हेही तिथंच ठरतं. या वर्गणीला कितीतरी गावांत ‘पट्टी’ म्हणतात. पट्टी बसवतात, पट्टी काढतात, पट्टी भरतात. तिचा क्रम सहसा चुकत नाही. आधी खर्च, मग उंबरे, मग भागाकार.

शहरात दरवर्षी दारात येणाऱ्या कागदावर ‘मालमत्ता कर देयक’ असं छापलेलं असतं. कायद्यातही तोच शब्द आहे. बोलताना मात्र सगळे ‘घरपट्टी’च म्हणतात, गोव्यातसुद्धा. सरकारी मराठीने कितीही प्रयत्न केला तरी हा शब्द हटला नाही, कारण त्याचं कूळ महापालिकांपेक्षा जुनं आहे.

संस्कृत ‘पट्ट’ म्हणजे फळी, पाट, कापडाचा लांबट तुकडा. त्यातून आपल्याकडे शिंप्याची पट्टी आली, जखमेवरची आली, शाळेच्या दप्तरातली आली आणि गायकाची काळी चारही आली. कराची पट्टी याच घरातली. मराठेशाहीच्या कागदांत अशा पट्ट्यांची रांगच दिसते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या खर्चासाठी सिंहासनपट्टी बसली. पेशवाईत राज्यावरचं कर्ज फेडायला कर्जपट्टी निघाली. म्हशींवर म्हैसपट्टी होती आणि घरांवर घरपट्टी. नावं पाहिली की पद्धत कळते. जमिनीचा सारा हे राज्याचं कायमचं उत्पन्न, तर पट्टी बहुधा त्यावरची जादा वसुली, एखाद्या खर्चाचं किंवा वस्तूचं नाव लावून घेतलेली. एकदा बसलेली पट्टी खर्च संपल्यावर उठायचीच असं मात्र नाही. रयतेला हा अनुभव तेव्हाही होता.

घरावरचा हा कर शेतकऱ्यापेक्षा कारागीर आणि दुकानदार यांच्यावर अधिक पडे. शेतकरी सारा देतच होता. सोनार, साळी, तेली, वाणी यांच्याकडे नांगर नसला तरी घर आणि दुकान होतं. त्यांच्याकडून ‘मोहतर्फा’ घेत. तो धंद्यावरचा कर, आणि कित्येक ठिकाणी घराचा करही त्यातच मिसळलेला असे.

हे झालं घरपट्टीचं माहेर. तिचं सासर इंग्लंडात आहे.

एलिझाबेथ राणीच्या काळात, १६०१ साली, तिथे गरिबांच्या पोटापाण्याचा कायदा झाला. प्रत्येक चर्चच्या हद्दीतल्या गरिबांचा भार त्याच हद्दीने वाहायचा, असं ठरलं. नेमलेले पंच वर्षाचा खर्च काढत आणि तो घरदार-जमीन असणाऱ्यांवर वाटून देत. या वाटणीला ‘रेट’ म्हणत. शब्द लॅटिन, अर्थ हिश्श्याप्रमाणे. म्हणजे आपली पट्टीच. फरक इतकाच, की कुणाचा हिस्सा किती यावरून तिथे भांडणं कोर्टात जाऊ लागली आणि मोजमापाला पक्कं सूत्र लागलं. १८३६च्या कायद्याने ते दिलं : हे घर वर्षाच्या बोलीने भाड्याने दिलं तर वाजवीपणे किती भाडं येईल, ती त्याची किंमत. घरात मालक स्वतः राहत असला तरी कागदावर एक काल्पनिक भाडेकरू उभा करायचा आणि त्याला भाडं विचारायचं.

तो भाडेकरू बोटीत बसून मुंबईलाही आला. खरं तर त्याची चाहूल इथे आधीच लागली होती. कंपनी सरकारच्या १७९३च्या सनदेच्या कायद्याने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींना घरांवर कर बसवायची मुभा दिली. काम ठरलेलं होतं : रस्ते झाडणं, ते दुरुस्त करणं आणि पहारा ठेवणं. मर्यादाही ठरलेली होती. घराच्या वार्षिक मूल्याच्या विसाव्या हिश्श्यापलीकडे जायचं नाही. झाडू आणि पहारा यांच्यापुरती पट्टी, तीही शेकडा पाचाच्या आत.

खर्च न सांगता पट्टी मागितली तर काय होतं, हे कंपनीला बनारसने दाखवलं. १८१०च्या रेग्युलेशनने तिथल्या घरांवर कर लावला, तो शहराच्या सोयींसाठी नव्हे, सरकारच्या तिजोरीसाठी. लोकांनी दुकानं बंद केली, घरं सोडली आणि शहराबाहेर मोकळ्या मैदानात ठाण मांडलं. हे दिवसच्या दिवस चाललं. शेवटी सरकारला तो कर रद्द करावा लागला.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १८४४ साली मुंबई इलाख्यातला मोहतर्फा आणि धंद्यांवरचे, शहरांतले जुने कर एका कायद्याने रद्द झाले. कारागीर सुटला, पण गावाची गटारं आणि दिवे कुणाच्या पैशाने, हा प्रश्न राहिला. सहा वर्षांनी, १८५०च्या सव्विसाव्या कायद्याने उत्तर दिलं : ज्या गावच्या लोकांची इच्छा असेल त्यांनी नगरपालिका काढावी आणि स्वतःवर कर बसवावा. इलाख्यातल्या पुष्कळ गावांनी नगरपालिका काढल्या, पण घरपट्टीला फारसं कुणी उत्सुक नव्हतं. त्यांनी जकात पसंत केली. कारण उघड आहे. जकात नाक्यावर गाडीवान भरतो, मग ती गुळाच्या आणि तुपाच्या भावात विरघळते. घरपट्टी मागायला माणूस दारात येतो. जकात दिसत नव्हती म्हणून ती पुढे दीडशे वर्षं टिकली, आणि तिच्या आडोशाला घरपट्टीचे दर सुखात झोपले.

मुंबईत मात्र घरपट्टीवरूनच ठिणगी पडली. १८६५च्या कायद्याने सारा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. त्या पदावरच्या आर्थर क्रॉफर्डने धडाक्यात रस्ते, गटारं आणि मंडई उभारली. खर्च फुगला, कर वाढले. तो खर्च कुणाला विचारून केला, असा सवाल घेऊन करदाते उठले. १८७०-७१ची ती चळवळ नौरोजी फरदुनजींसारख्या मंडळींनी चालवली आणि तिच्या पोटी १८७२चा कायदा आला. ६४ सभासदांची कॉर्पोरेशन, त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडलेले. आज मतपेटीशी आपलं नातं जन्मसिद्ध वाटतं, पण शहराच्या कारभारात मत पहिल्यांदा मिळालं ते घरपट्टीच्या पावतीवर. ज्याची पावती नाही, त्याचं मतही नाही, ही त्याची काळी बाजू. प्रत्येक प्रौढाला मत मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं.

त्याच सुमारास पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर पालिकेचे हजार रुपये उधळायला त्यांनी एकट्याने विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पट्टीचा पैसा कोणत्या खर्चासाठी, हा देवळातल्या बैठकीचाच प्रश्न त्यांनी सभागृहात विचारला. पुढे मुंबईतल्या क्रॉफर्डच्या मंडईला फुल्यांचं नाव दिलं गेलं.

मुंबईचा १८८८चा महापालिका कायदा आजही लागू आहे आणि काल्पनिक भाडेकरू त्यातही नांदला. घर वर्षभरासाठी दिल्यास वाजवीपणे जे भाडं येईल, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरेल ते ‘करयोग्य मूल्य’. समजा, एखाद्या सदनिकेचं वाजवी भाडं महिना दहा हजार धरलं. वर्षाचे १,२०,०००. दहा टक्के गेले की १,०८,०००. कर या आकड्यावर. प्रत्यक्षात पालिकेने धरलेलं भाडं बाजारातल्या भाड्याच्या जवळपासही नसतं. भाग, बांधकाम आणि वापर पाहून ती आपला दर धरते. म्हणून घरपट्टीत दोन आकडे लपलेले असतात : घराचं मूल्य आणि त्यावरचे टक्के. टक्के तसेच ठेवून मूल्य वाढवलं, तर ‘करवाढ नाही’ असं सांगताही येतं आणि बिल वाढतंही.

या भाडेकरूची मुंबईत पंचाईत केली भाडेनियंत्रणाने. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. कायद्याने ठरलेल्या भाड्याहून जास्त भाडं ‘वाजवी’ कसं म्हणायचं? सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं, त्यामुळे जुन्या चाळींची मूल्यं जिथल्या तिथे राहिली आणि शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीवर कराचा भार आला. शेवटी मुंबईने भाडेकरूला रजा दिली. १ एप्रिल २०१०पासून तिथे भांडवली मूल्य आलं. घर विकल्यास किती येतील, हे रेडी रेकनरला विचारायचं. त्याच्या काही नियमांवरही दावे झाले आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्दच धरले. ग्रामपंचायती एकेकाळी चौरस फुटावर घरपट्टी आकारत. २०१५च्या अखेरीस नियम बदलले आणि तिथेही भांडवली मूल्य आलं. गावात मात्र अजून घराची ओळख ‘आठ नंबरचा उतारा’ हीच आहे.

आता दर कसा ठरतो ते पाहू. मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९च्या कायद्यानुसार आयुक्त पुढच्या वर्षाचा अंदाज मांडतात. त्यात काय खर्च होईल, काय जमा होईल आणि करांचे दर काय असावेत, हे असतं. ते स्थायी समितीकडे जातं. समिती फेरफार करून आपला प्रस्ताव महापालिकेपुढे ठेवते. आणि २० फेब्रुवारीच्या आत महापालिकेच्या सभेने पुढच्या वर्षाचे दर ठरवायचे असतात. हे दर १ एप्रिलपासून लागू. अंदाजपत्रकावरची गाजणारी भाषणं वेगळी, पण खिशाला हात घालणारा ठराव हा आहे, आणि त्या दिवशी प्रेक्षक सज्जा बहुधा रिकामा असतो.

या कायद्यात एक बारकावा आहे. करयोग्य मूल्यावर जो सर्वसाधारण कर घ्यायचा, तो १२ टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. १७९३ला कायद्याने घरपट्टीला छत घातलं होतं, आता जोतं घातलं आहे. पट्टीची वाटणी होती ती इथे टक्का झाली. वाटणीत आधी खर्च आणि मग आकडा. टक्क्यात आकडा आधीच असतो आणि खर्च त्याच्यामागून येतो.

शिवाय बिलावर हा एकच कर नसतो. पाणी, मलनिस्सारण, पथ, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण अशी नावं खालोखाल येतात. राज्याचा शिक्षण कर आणि बिगरनिवासी जागांवरचा रोजगार हमी कर पालिका फक्त गोळा करते आणि पुढे धाडते. म्हणूनच २०१९मध्ये मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ‘माफी’ मिळाली, तेव्हा प्रत्यक्षात एकच ओळ गळली, बाकीच्या तशाच राहिल्या. पूर्ण माफी आली ती २०२२मध्ये. पुण्याची गंमत निराळी. जो स्वतःच्या घरात राहतो त्याला आकारणीत ४० टक्के सवलत, असा ठराव तिथे १९७०मध्ये झाला. जवळपास पन्नास वर्षांनी ती सवलत काढली गेली, घरोघर वाढीव बिलं पोचली, ओरड झाली आणि २०२३मध्ये ती परत आली. मात्र आता ‘मी इथेच राहतो’ असा पीटी-३ अर्ज भरून द्यावा लागला.

हे सगळं इतकं तापायचं कारण म्हणजे आडोसा गेला. बहुतेक महापालिकांतली जकात आधी स्थानिक संस्था कराला जागा देऊन गेली, आणि मुंबईतली जुलै २०१७मध्ये जीएसटीबरोबर. पालिकेच्या हातात स्वतःची म्हणावी अशी मोठी वसुली आता प्रामुख्याने घरपट्टीची. तिचा दर वाढवायला नगरसेवक कचरतात, कारण ती दिसते. २०२२पासून काही वर्षं अनेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा दर सुचवणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा हात एकच होता. १८७१च्या करदात्यांना हा कारभार ओळखीचा वाटला असता.

पट्टी या शब्दाचा आणखी एक अर्थ बाजार समितीत रोज ऐकू येतो. कांदा विकला गेला की अडत्या शेतकऱ्याच्या हातात हिशेबाचा कागद ठेवतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. त्या कागदालाही पट्टीच म्हणतात. ती फाडून हातात आल्यावर भावाची घासाघीस करायला कुणी थांबत नाही. ज्याला भाव हवा असतो तो सकाळी लिलावाच्या वेळीच आपल्या ढिगाजवळ उभा राहतो. घरपट्टीचा लिलाव फेब्रुवारीत असतो.