पहिल्या सेक्टरची मालकी

जुन्या पीसीवर दोन-तीन ऑपरेटिंग सिस्टीम एकत्र नांदवणे हा हौशी लोकांचा उद्योग, असे सर्रास मानले जाते. यंत्र मुळात एकाच सिस्टीमसाठी घडवले गेले आणि पुढे काही खटपट्या मंडळींनी त्यात चोरवाट पाडली, असा त्यामागचा समज. हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. वाट पहिल्यापासून होती आणि खुद्द आयबीएमने ती आखली होती. ती अरुंद झाली ती नंतर, आणि त्याला यंत्राच्या मर्यादांपेक्षा विक्रीचे करार अधिक कारणीभूत होते.

आयबीएमने मार्च 1983 मध्ये पीसी एक्सटी बाजारात आणला, तेव्हा त्यात 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस 2.0. याच डॉसबरोबर एफडिस्क हा प्रोग्रॅम आला आणि डिस्कच्या पहिल्या सेक्टरची रचना ठरली. हा सेक्टर 512 बाइटचा. त्यातले 446 बाइट सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रॅमला, शेवटचे 2 ओळखखुणेला आणि मधले 64 बाइट चार नोंदींच्या कोष्टकाला दिलेले. प्रत्येक नोंद 16 बाइटची. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा राखलेला भाग, कुठे सुरू होते, कुठे संपते, हे तर तिच्यात असतेच. शिवाय ते कोणत्या प्रकारचे आहे हे सांगणारा एक बाइट असतो आणि बूट याच पार्टिशनवरून करायचे की नाही हे सांगणारा दुसरा. आता या रचनेकडे जरा बारकाईने पाहावे. डॉस 2.0 ला त्या चारांपैकी एकच पार्टिशन वापरता येत होते. एका डिस्कचे अनेक ड्राइव्ह करण्याची सोय डॉसच्या एफडिस्कमध्ये आली ती 1987 च्या 3.3 आवृत्तीत. मग उरलेल्या तीन नोंदी कोणासाठी होत्या? डॉससाठी नक्कीच नव्हत्या. त्या शेजाऱ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या, आणि ‘सक्रिय’ असल्याची खूण एका पार्टिशनवरून काढून दुसऱ्यावर ठेवण्याची सोय एफडिस्कमध्येच होती. यजमानपद आळीपाळीने बदलायचे, हे यात गृहीतच धरले होते.

यावर कोणी म्हणेल की यात आयबीएमचे औदार्य कसले, तो तर निव्वळ धंद्याचा सावधपणा. ते खरेच आहे. 1981 मध्ये पहिल्या पीसीसाठी कंपनीने डॉस, सीपी/एम-86 आणि यूसीएसडी पी-सिस्टीम अशा तीन सिस्टीम जाहीर केल्या होत्या आणि त्यांतली कोणती चालेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे डॉस 40 डॉलरला आणि सीपी/एम-86 240 डॉलरला, या भावातल्या तफावतीनेही निकाल लागायला हातभार लावला. पण हेतू स्वार्थाचा होता म्हणून रचनेचे मोल कमी होत नाही. बाजार एकाच्या बाजूला झुकल्यानंतरही त्या तीन जागा कोष्टकात तशाच राहिल्या, आणि 1990 नंतर लिनक्ससारखी कोणत्याही कंपनीचे पाठबळ नसलेली सिस्टीम त्याच जागेत येऊन बसू शकली.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो अधिक वजनदार आहे. यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या जुन्या बायोसला डिस्कच्या 1024 व्या सिलिंडरपलीकडचे वाचता येत नसे. काही यंत्रांत ही हद्द सुमारे 528 दशलक्ष बाइटवर येई, तर सुधारलेल्या बायोसमध्ये 8.4 अब्ज बाइटवर. लिनक्सचा कर्नल त्या हद्दीपलीकडे गेला की यंत्र सुरूच होत नसे. वेर्नर आल्मेस्बर्गर यांचा लिलो हा बूटलोडर कर्नलचे डिस्कवरचे ठिकाण आधीच टिपून ठेवी. त्यामुळे कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचे राहून गेले, की पंचाईत. विंडोज 95 बसवताना पहिल्या सेक्टरवर आपला प्रोग्रॅम लिहून टाकी आणि लिलो नाहीसा होई. म्हणून जाणकार बूट फ्लॉपी हाताशी ठेवत. भारतातही नव्वदच्या दशकात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडीवरून विंडोजशेजारी लिनक्स बसवणाऱ्यांना हीच काळजी घ्यावी लागे. अडचणी खऱ्या होत्या, पण त्यांवर उत्तरेही निघत होती. ओएस/2 चा बूट मॅनेजर स्वतःच्या छोट्याशा पार्टिशनमध्ये राहून निवडीची यादी दाखवी. एरिक बोलिन यांनी 1995 मध्ये सुरू केलेला ग्रब हा बूटलोडर फाइल सिस्टीमच समजून घेई, त्यामुळे ठिकाणे टिपून ठेवण्याची गरज संपली. आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीमध्ये बूट.आयएनआय या फाइलीत एखादी ओळ वाढवून जुना डॉस, इतकेच काय लिनक्सही, सुरू करता येई. शेजाऱ्याला जागा कशी द्यायची हे त्या कंपनीला पुरते ठाऊक होते.

म्हणूनच बी या कंपनीचा अनुभव मला या इतिहासात निर्णायक वाटतो. झां-लुई गासे यांच्या या कंपनीची बीओएस ही सिस्टीम विंडोजशेजारी विनातक्रार चालत असे. फेब्रुवारी 2002 मध्ये तिने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. पीसी बनवणाऱ्यांशी केलेल्या परवाना-करारांमुळे दोन सिस्टीम असलेली यंत्रे ग्राहकापर्यंत पोचूच दिली गेली नाहीत, असे तिचे म्हणणे होते. ग्राहकालाच दुसरी सिस्टीम नको होती, हे उत्तर इथे पुरत नाही. जो पर्याय पडद्यावर दिसूच दिला नाही, त्याची मागणी मोजणार कशी? सप्टेंबर 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक कबूल न करता 2 कोटी 32 लाख 50 हजार डॉलर देऊन तडजोड केली. त्याआधी, नोव्हेंबर 2002 मध्ये, अमेरिकी सरकारच्या मायक्रोसॉफ्टवरील मक्तेदारीविरोधी खटल्याच्या अंतिम निकालात एक कलम आले: बायोसमधून किंवा दुसऱ्याच्या बूटलोडरमधून अन्य सिस्टीम सुरू करण्याचा पर्याय यंत्रात देण्यापासून पीसी बनवणाऱ्यांना रोखता येणार नाही. पीसीच्या पहिल्या सेक्टरवरचा हक्क न्यायालयाला कलम लिहून सांगावा लागला, तोही बीने 2001 मध्ये आपले तंत्रज्ञान पाम या कंपनीला विकून टाकल्यानंतर.

आता एका सिस्टीमच्या पोटात दुसरी आभासी यंत्रावर चालवता येते, मग हा वाद कालबाह्य नाही का? चार गिगाबाइट मेमरीच्या जुन्या यंत्रावर एकाच वेळी दोन सिस्टीमचा भार टाकून पाहिला की उत्तर मिळते. तिथे एका वेळी एकच सिस्टीम पूर्ण ताकदीने चालवणे हाच शहाणपणा. वादही संपलेला नाही, त्याची जागा फक्त बदलली. 2012 च्या विंडोज 8 बरोबर सिक्युअर बूट आले आणि सही नसलेला बूटलोडर सुरू होण्याआधीच अडवला जाऊ लागला. साध्या पीसीवर ते बंद करण्याची मुभा ग्राहकाला असलीच पाहिजे, अशी मायक्रोसॉफ्टची तेव्हाची प्रमाणन-अट होती. विंडोज 10 च्या वेळी ही सक्ती गेली, आणि मुभा द्यायची की नाही हे यंत्र बनवणाऱ्यावर सोडले गेले.