नाव कुठल्या वहीत लिहायचं

पंढरपुरात वर्षाला चार मोठ्या यात्रा भरतात: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. प्रत्येक यात्रेत पोलिसांकडे दोन तऱ्हेची पोरं येतात. काही गर्दीत आईचा हात सुटून हरवलेली, तर काही घरातून पळून आलेली. पळून आलेल्यांपैकी एखाद्याच्या हातात वारकऱ्याचं पाकीटही सापडतं. मी इथं शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तेवढ्या काळात मुलांचे कायदे तीनदा बदलले. तरी पोराचं पुढं काय होणार, हे मी बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरताना पाहिलं: ठाणे अंमलदार त्याचं नाव कुठल्या वहीत लिहितो.

हे मला आमच्या जमादारांनी शिकवलं. त्यांची पहिली नेमणूक सोलापूरला होती. तिथली ‘सेटलमेंट’ सगळ्या जिल्ह्याला माहीत. इंग्रजांनी काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणाआड बसवलं, गिरण्यांत कामाला धाडलं आणि हजेरीच्या वहीत त्यांची नावं चढवली. १९११ च्या कायद्यानं तर सहाच्या वरचं आणि अठराच्या आतलं मूल आईबापांपासून तोडून सुधारशाळेत टाकायची मुभा सरकारला दिली. त्या मुलानं काही केलेलं असायलाच हवं, अशी अट नव्हती.

जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून गेला. त्यानंतर तीन-चार वर्षांनी जमादार भरती झाले. ते सांगायचे, “वही बंद झाली, पण जुन्या शिपायांना ती तोंडपाठ होती. शहरात कुठं घरफोडी झाली, की पहिली सायकल सेटलमेंटकडं. बापाचं नाव वहीत होतं, म्हणून पोराला उचलायचं.” त्या फेऱ्यांना तेही जात. पुढं पंढरपूरला बदली झाल्यावर त्यांनी स्वतःपुरता नियम केला: लहान पोराचं नाव घाईनं कागदावर घ्यायचं नाही.

मुलांसाठी वेगळा कायदा तेव्हा नव्हता असं नाही. मुंबई इलाख्यात तो १९२४ सालीच झाला आणि १९४८ मध्ये नव्यानं आला. मुलांची न्यायालयं, रिमांड होम हे सगळं त्यातलं. पण तालुक्याच्या गावाला रिमांड होम म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरचं सोलापूर, आणि आईबापांच्या तोंडी धमकी: “नीट वाग, नाहीतर रिमांडला टाकीन.” खुद्द पंढरपुरात टाकलेल्या लेकरांसाठी प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ पासून बालकाश्रम चालवला होता. तान्ह्याला या गावात दार होतं. बारा-तेरा वर्षांच्या, ओठावर मिसरूड नसलेल्या चोराला मात्र कोठडी नाहीतर कानफटात.

एका आषाढीत महाद्वारात असाच एक पोरगा लोकांनी धरून आणला. मार खाऊन नाक फुटलेलं. जमादारांनी आधी टोपी काढली, मग पट्टा सोडून खुंटीला लावला आणि त्याच्याशेजारी बाकावर बसले. पाकीटवाल्या वारकऱ्याला पैसे मोजून घ्यायला लावले. त्याला फिर्याद नको होती, दिंडी गाठायची होती. मग पुरीभाजी आली. जमादारांनी चोरीचा विषयच काढला नाही. “कुर्डुवाडीला गाडी बदलताना भूक लागली असंल?” एवढंच विचारलं. तेव्हा कुर्डुवाडीहून बार्शी लाइटची छोटी गाडी यायची आणि पळून आलेली निम्मी पोरं तिनंच उतरायची. पोरगा म्हणाला, “मपल्याकडं तिकीट नव्हतं.” जमादार माझ्याकडं बघून म्हणाले, “बीडकडचा हाय. आष्टी-पाटोदा बघ.” संध्याकाळपर्यंत गाव निघालं, बिनतारी संदेश गेला, तिसऱ्या दिवशी चुलता आला. स्टेशन डायरीत ओळ पडली: घर सोडून आलेला मुलगा, नातेवाइकाच्या ताब्यात दिला.

सगळेच असे सुटले नाहीत. दोघे-तिघे पुन्हा पुन्हा यायचे, आणि एक पुढं मोठ्या टोळीत गेला. जमादारांना त्याचं वाईट वाटे, पण रीत त्यांनी बदलली नाही.

मग कायदा त्यांच्या वाटेनं आला. १९८६ च्या बाल न्याय कायद्यानं मुलाला कोठडीत ठेवायला मनाई केली. २००० च्या कायद्यानं मुलगा असो की मुलगी, वयाची रेघ अठराला ओढली. त्याआधी मुलगा सोळाला मोठा धरला जायचा. २०१५ च्या कायद्यानं सोळा ते अठरातल्यांना निर्घृण गुन्ह्यात मोठ्यांसारखं उभं करायची वाट पुन्हा उघडली. पण २०१६ च्या केंद्राच्या नियमांत जमादारांची बरीचशी रीत सापडते: मुलाशी बोलताना गणवेश नको, बेडी नको, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं हजर करा. गुन्हा निर्घृण नसेल आणि त्यात कुणी मोठा माणूस सामील नसेल, तर एफआयआर न घेता स्टेशन डायरीत नोंद करा, आणि घरची परिस्थिती लिहून जोडा. ठरावीक मुदतीनंतर दोषी ठरलेल्या मुलाचे कागदही, निर्घृण गुन्ह्याचे काही अपवाद सोडले तर, नष्ट करायचे. ज्या खात्यानं बापाच्या नावावरून पोरगा ओळखला, त्याच खात्याला आता पोराचं नाव विसरायला सांगितलंय.

कायद्याप्रमाणे प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी लागतो, सहायक फौजदार किंवा त्याहून वरचा. शेवटची काही वर्षं ते काम माझ्याकडं होतं. अडचण एकच. वारी आली की त्याच अधिकाऱ्याला दर्शनबारीच्या बंदोबस्ताला उभं करतात, आणि पोरं सापडतात ती नेमकी वारीत. चार यात्रांत तरी या एका माणसाला बंदोबस्तातून वगळावं. त्याला नवा कायदा लागत नाही, ड्युटी लावणाऱ्यानं तक्त्यातली एक ओळ बदलली तरी पुरे.