फोटो औंढ्याचाच, पण कुठून काढलेला?

महाराष्ट्रात औंध नावाची दोन गावं सगळ्यांना माहीत. एक पुण्याचं, दुसरं सातारा जिल्ह्यातलं, पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचं. तिसरं आपलं औंढा. मराठीत घोटाळा होत नाही, पण इंग्रजीत लिहिताना शेवटचा 'ए' गळाला की आपला नागनाथ थेट साताऱ्यात जाऊन बसतो. स्मरणिकेसाठी जुने फोटो मागवले तेव्हा नेमकं हेच झालं.

सोसायटीतल्या एका ताईंनी आजोबांच्या ट्रंकेतला फोटो आणून दिला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा कसरीने खाल्लेल्या. मागे कोरीव दगडी भिंत, पुढे फेटा बांधलेले आजोबा आणि शेजारी टोपी घातलेला एक पोरगा. पाठीवर शाईने इंग्रजीत 'औंध', आणि त्याच्या पुढचा कोपरा फाटलेला. नातेवाइकांनी तो साताऱ्याचा ठरवून टाकला होता. ताईंना ते पटेना. "काका, आजोबा उभ्या जन्मात परभणीच्या पुढं गेले नाहीत, साताऱ्याला कशाला जातील?" आजोबा पोलीस ॲक्शनच्या आधीच वारले, म्हणजे फोटो निजामाच्या अमलातला, 1948 पूर्वीचा. त्यांचा हा एकच फोटो घरात आहे. तेव्हा छापायचा तर खात्री करूनच, कारण स्मरणिकेत एकदा छापलं की पुढच्या पिढीला तोच पुरावा होतो.

साताऱ्याचा प्रश्न नंदीने मिटवला. फोटोच्या उजव्या कडेला नंदीच्या देवळीचा कोपरा दिसतो आणि तिच्यासमोरच्या भिंतीला दार नाही. शंकराच्या देवळात नंदी दारासमोर असतो, आपल्याकडे तो पाठीमागे. नामदेव महाराजांना कीर्तनासाठी मागे जायला सांगितलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती खरी मानायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तर ती इथे साक्षीदारासारखी उपयोगी पडली.

दुसरी खूण वरच्या कडेला होती. तिथे एक पांढुरका पट्टा आहे. फोटो विटला असेल, असं कमिटीतल्या मंडळींना वाटलं. पण आपल्या देवळाची जोडणीच तशी आहे. खाली यादवकाळातलं, तेराव्या शतकातलं हेमाडपंती काळ्या दगडाचं काम आणि वर पडझडीनंतर विटा-चुन्यात बांधून पांढरा केलेला भाग. हा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांचा, असं सांगतात. सिन्नरच्या गोंदेश्वराला हत्तींच्या रांगा आहेत, पण तिथे शिखरापर्यंत दगडच. काळं संपून पांढरं सुरू होतं ती रेघ आपल्या नागनाथाची.

गाव ठरलं. आजोबा उभे कुठे होते, ते राहिलं. हेन्री कझिन्स यांच्या दख्खनमधल्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या 1931 च्या ग्रंथात औंढ्याचे फोटो आहेत, पण ते देवळाचे. आम्हाला हातभर भिंत हवी होती. म्हणून एका सकाळी फोटो मोबाईलमध्ये घेऊन ताई, त्यांचा मुलगा आणि मी देवळामागे गेलो. ताईंचा मुलगा मूर्ती जुळवत बसला. हत्ती तर सगळे सारखेच! बँकेत आयुष्यभर चेकवरच्या सह्या तपासल्या, त्यामुळे मी अक्षराचं वळण बघत नाही, हात कुठे थांबला ते बघतो. इथे तसं तुटलेलं बघायचं. कारागिराने एकसारखे हत्ती घडवले, पण घाव एकसारखे बसलेले नाहीत. फोटोत एका हत्तीची सोंड मुळापासून गेलेली, त्याच्या पुढच्याची शाबूत, आणि वरच्या मूर्तीचा डावा हात कोपरापासून तुटलेला. ही तीन दुखणी एका रेषेत शोधायची होती. पाऊण तास लागला. माझी मान धरली. शेवटी ताईंनाच सापडलं.

त्यांनी चपला आधीच काढल्या होत्या. त्या जागी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आम्ही फोटो काढला, तो पुढच्या पानावर जुन्या फोटोशेजारी छापला आहे.

टोपीवाल्या पोराचं नाव मात्र लागलेलं नाही. ताईंच्या घरात तो कुणाला ओळखू येत नाही. देवळाजवळच्या जुन्या घरांपैकी कुणाच्या आजोबांच्या उजव्या भुवईवर खोक होती का, ते बघावं आणि सोसायटीच्या ऑफिसात कळवावं. मूळ फोटो ताईंकडे आहे, त्या दाखवतील.