रुपेरी पडद्यावरील आपली वाई

आपल्या मंडळातील ज्या कुटुंबांचे मूळ घराणे वाईचे, त्यांच्या नातवंडांना कृष्णाकाठचा घाट आज बहुधा प्रथम दिसतो तो चित्रपटात. आणि तोही परक्या नावाने! २००३ च्या ‘गंगाजल’मध्ये वाई बिहारातील तेजपूर झाली, २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये शेजारची मेणवली उत्तर प्रदेशातील चरणपूर झाली, २०१० च्या ‘दबंग’मध्ये वाईने लालगंजचे सोंग घेतले. घाट, देवळे, वाडे आणि वाहती नदी मुंबईपासून काही तासांच्या वाटेवर एकत्र सापडत असता निर्मात्यांनी गंगेपर्यंत कशाला जावे? व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे. तथापि, ज्या पायऱ्यांवर आपल्या आजीने कृष्णामाईची ओटी भरली, त्यांवर परप्रांतीची बोली ऐकताना ज्येष्ठ मंडळींच्या मनाला चुटपुट लागते, हेही खरेच.

परंतु इतिहास पाहता हे सोंग आजचे नव्हे. वाईला दक्षिण काशी म्हणतात. पेशव्यांचे सोयरे असलेल्या रास्ते घराण्याने हे नगर सजविले. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर बांधले, तर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचे. ह्या दुसऱ्या मंदिराची मागील भिंत मत्स्याकृती असून पुराचे पाणी तिच्यावर दुभंगते. गंगेची आठवण मनी धरूनच ज्यांनी कृष्णेचा काठ बांधून काढला, त्यांच्या कामात कॅमेऱ्याला गंगातीर दिसावे, यात नवल ते काय? मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. तेथील घाटावरील घंटेवर तर मेरी व बाल येशू यांची आकृती आहे, कारण ती १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली. ह्या घंटेची हकीकत चरणपूरच्या कथेत कोठून येणार?

‘स्वदेस’मधील एक प्रसंग मात्र आपण विसरू नये. गावात कापडी पडद्यावर चित्रपट दाखविला जातो. उच्चवर्णीय पुढे बसतात, इतर जाती मागे बसून तेच चित्र उलटे पाहतात. वीज जाते आणि नायक मधला पडदाच दूर करतो. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हा प्रसंग टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. पडद्याची ती मागील बाजू आपल्याही गावांना अपरिचित नव्हती. पण ज्या वाईच्या परिसरात हे चित्रण झाले, तेथेच नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा होती. तेथे घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात महात्मा गांधींना शास्त्रार्थाचे साहाय्य केले. पुढे त्यांच्याच संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत उभे राहिले. तेजपूर, चरणपूर वा लालगंज यांपैकी कोणत्याही गावाला असा पूर्वेतिहास नाही. असो.

वाईच्या सात घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव आजही आळीआळीने होतो. अफजलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून केलेल्या नवसातून तो सुरू झाला, अशी परंपरा सांगितली जाते. ज्या कुटुंबांकडे ह्या उत्सवाची किंवा घाटांची जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी मागील बाजूस आळीचे नाव आणि साल लिहून ती पुढील अंकासाठी कार्यवाहांकडे अवश्य पोहोचवावीत.