तृणज्वराचे नाव आणि सशाचे गवत : एका गैरसमजाचा इतिहास

घरात ससा पाळलेला आहे आणि त्याच घरातील एखाद्या व्यक्तीस वाळलेल्या गवताजवळ जाताच शिंका येतात, डोळे चुरचुरतात, अशी अडचण अनेक कुटुंबांपुढे उभी राहते. अशा वेळी बहुधा दोनच मार्ग सुचविले जातात : सशाचे गवत बंद करावे, अथवा ससाच घराबाहेर काढावा. पहिला मार्ग सशाच्या जिवावर बेततो. त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात, आणि भरड तंतुमय चाऱ्यावाचून त्याचे आतडे मंदावते. ते थांबल्यास तो एकदोन दिवसांतही दगावू शकतो. दुसऱ्या मार्गाचे दुःख वेगळे सांगावयास नको. दोन्ही निर्णयांच्या मुळाशी ‘त्रास गवताचा आहे’ हे गृहीत असते. हे गृहीत कोठून आले व ते कितपत खरे आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या व्याधीचे पहिले सुस्पष्ट वर्णन जॉन बोस्टॉक या इंग्रज वैद्याने 1819 साली लंडनच्या वैद्यकीय मंडळापुढे वाचले. त्यातील रुग्ण ते स्वतःच होते. 1828 मध्ये त्यांनी अशाच 28 रुग्णांची हकीकत सादर केली व व्याधीस ‘ग्रीष्मातील पडसे’ असे नाव दिले. नव्या गवताच्या गंधाने हा विकार होतो, असा लोकसमज तोवर रूढ झाला होता, आणि त्यावरूनच ‘हे फीव्हर’ म्हणजे तृणज्वर हा शब्द प्रचारात आला. बोस्टॉक यांना हा समज मान्य नव्हता. ते उन्हाळ्यातील उष्णतेस दोष देत. नवलाची गोष्ट अशी की, दोन्ही पक्ष चुकले होते. परंतु नाव मात्र लोकांचे टिकले.

या प्रश्नाचा निर्णय मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी लावला. तेही याच व्याधीने पीडित होते. घरात फुलदाणीत ठेवलेला गवताचा वाळलेला गुच्छ हलविताच पराग उडाला आणि त्यांना शिंकांचा झटका आला, हा अनुभव त्यांच्या संशोधनास कारण झाला. गवतास सुवास देणारे कुमारिन त्यांनी हुंगून पाहिले, उष्णता व ओझोन यांचीही परीक्षा केली. यांपैकी कशानेही व्याधी उद्भवली नाही. परागकण हातावरील खरवडलेल्या त्वचेवर लावताच मात्र सूज आली. चिकट काचपट्ट्या उघड्यावर ठेवून व पतंगाबरोबर वर चढवून त्यांनी हवेतील परागकण मोजले. हे सर्व त्यांच्या 1873 च्या ग्रंथात आले आहे. त्याच ग्रंथातील आणखी एक प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ओलसर काडावर वाढविलेल्या बुरशीचे बीजाणू श्वासावाटे घेतले असता त्यांचा आवाज बसला व छातीस विकार झाला. म्हणजे एकाच काडीतून दोन भिन्न त्रास संभवतात, हे त्यांच्या दृष्टीस पडले होते.

पुढे या दोन धाग्यांचे मार्ग वेगळे झाले. 1911 मध्ये लंडन येथे लेनर्ड नून यांनी परागाच्या अर्काची टोचणी देण्यास आरंभ केला. त्यासाठी त्यांनी टिमोथी या गवताचा पराग निवडला. ग्रॅमच्या दशलक्षांश भाग परागातून निघणारा अर्क हे त्यांचे मात्रेचे एकक होते. दुसरीकडे, कुजकट गवत हाताळणाऱ्या इंग्लंडमधील शेतकऱ्यांच्या फुप्फुसविकाराचे वर्णन 1932 साली कँबेल यांनी केले. तापलेल्या ओल्या गवतात वाढणारे सूक्ष्म जीव त्यास कारण आहेत, हे 1963 मध्ये पेपिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

आज पाळीव सशांपुढे सर्वाधिक प्रमाणात घातले जाते ते हेच टिमोथी गवत होय. तेव्हा तक्रार काल्पनिक नाही. परंतु दोष काडीचा नसून तिच्या तुऱ्यातील परागाचा आहे, हे एकदा ध्यानात आले की उपाय बदलतात. पहिल्या कापणीच्या गवतात तुरे पुष्कळ असतात. दुसऱ्या कापणीचे पानाळ गवत त्यामानाने सुसह्य ठरते. ऑर्चर्ड गवताकडे वळल्याने मात्र फारसे साधत नाही, कारण ते टिमोथीचे जवळचे आप्त आहे व एकाचे वावडे असणाऱ्यास बहुधा दुसऱ्याचेही असते. लसूणघास या कुळातील नाही. पण तीत प्रथिने व चुना अधिक असल्याने प्रौढ सशाचा तो मुख्य आहार होऊ शकत नाही. तुरा येण्यापूर्वी कापलेले ताजे गवत हळूहळू सवय लावून देता येते. गवत घराबाहेर झटकावे, निजावयाच्या खोलीत साठवू नये, आणि ते घालण्याचे काम ज्यास त्रास नाही त्याने करावे. बुरसट वासाचे गवत तर माणूस व ससा दोघांच्याही हिताकरिता टाकूनच द्यावे.

येथे तिसरी शक्यताही विसरता कामा नये. सशाची लाळ, केस व कोंडा यांतील प्रथिनांचेही कित्येकांना वावडे असते. गवत हाताळताच शिंका येत असतील तर परागाचा संशय घ्यावा. काही तासांनंतर ताप व धाप येत असेल तर बुरशीचा. आणि गवत नसलेल्या खोलीतही ससा जवळ आला की डोळे चुरचुरत असतील तर सशाचा. निश्चित निदान वैद्यानेच करावे. त्याची त्वचापरीक्षा ही ब्लॅकली यांच्या खरवडलेल्या हाताचीच वंशज आहे. ती होण्यापूर्वी सशाचे गवत तोडणे अथवा त्यास घराबाहेर काढणे म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकसमजावर विसंबून निर्णय घेणे होय.