एक कान गाडीकडे : दिव्याच्या लोकलमधली इयरफोनची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण पारसिकच्या बोगद्याविषयी बोललो होतो. आज त्या बोगद्यातून जाणाऱ्या माणसाच्या कानात काय असायचं, याविषयी बोलायचं आहे. विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकाने विचारलं, "इयरफोनला कसला आलाय इतिहास?" प्रश्न रास्त आहे. वस्तू पन्नास-शंभर रुपयांची, काही महिन्यांत एक बाजू बंद पडते आणि आपण ती टाकून देतो. लोकांनी जपून ठेवलेल्या वस्तूंचा इतिहास लिहिणं तसं सोपं. टाकून दिलेल्या वस्तूंचा लिहायचा तर आठवणींवर भागवावं लागतं. म्हणून आज थोडं पुस्तकातलं आणि बरंचसं आमच्या दिव्यातलं सांगणार आहोत.

एक निरीक्षण आधीच सांगून टाकतो. सकाळी दिव्याच्या फलाटावर एखाद्या जुन्या प्रवाशाकडे बघा. इयरफोनचा एक बड कानात असतो आणि दुसरा शर्टाच्या बटणापाशी लोंबत असतो. दोन्ही कानांत का घालत नाही, असं विचारलं तर तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. गाडी तीनवर येणार की चारवर, हे कोण ऐकणार? मागून कोणी हाक मारली तर? एक कान गाण्याला, एक कान गाडीला. ही सवय कुठून आली आणि आता ती का जातेय, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात वायरच्या टोकाच्या पिनेपासून करू. साडेतीन मिलिमीटरची ही पिन मूळच्या एका जाड पिनेची धाकटी बहीण. ती जाड पिन, म्हणजे पाव इंचाची, एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आली. समोरच्या बोर्डावरच्या भोकात पिन खुपसायची आणि एका माणसाला दुसऱ्याशी जोडून द्यायचं, हे ऑपरेटरचं काम. आज ज्या पिनेने आपण लोकांपासून सुटका करून घेतो, तिचा जन्म लोकांना जोडण्यासाठी झाला होता. असो, त्यावर फार तत्त्वज्ञान नको.

आपल्याकडे ही वायर घरोघरी आली ती ट्रान्झिस्टरबरोबर. चामड्याचं भोकाभोकांचं कव्हर, खांद्यावर पट्टा आणि त्या कव्हरच्या कप्प्यात एकाच कानाचा इयरफोन. हो, एकाच कानाचा. आवाजच मोनो होता, दोन कानांत वेगळं ऐकवण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हा रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरावे लागत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं. आमच्या वडिलांची पिढी सांगते की कसोटी सामना असला की डब्यात एखाद्याच्याच कानात तो इयरफोन असायचा आणि बाकीचे पंचवीस जण त्याच्या चेहऱ्याकडे बघत असायचे. विकेट पडली की आधी याचा चेहरा पडायचा, मग डब्याला कळायचं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन एका कानात जायचं आणि तोंडातून स्कोअर होऊन बाहेर यायचं. म्हणजे एकट्याने ऐकण्याचं साधन होतं, तरी ऐकणं एकट्याचं नव्हतं.

आता वॉकमन. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये बाजारात आला. त्याच्याबरोबरचा हेडफोन पन्नास ग्रॅमच्या आतला. तोवरचे घरगुती हेडफोन याच्या कित्येक पट जड असत. तेव्हा नवल खरं त्या डबीपेक्षा हेडफोनचंच होतं. आणखी एक गोष्ट आज बहुतेकांना आठवत नाही. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती आणि वर एक केशरी बटण होतं. ते बटण दाबलं की गाणं दबायचं, आतला माइक सुरू व्हायचा आणि दोघांना हेडफोन न काढता एकमेकांशी बोलता यायचं. सोनीचे आकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मचरित्रात याचं कारण दिलंय. नमुना घरी नेला तेव्हा आपण एकट्याने ऐकतोय हे पत्नीला आवडलं नाही. एकट्याने ऐकणं म्हणजे शेजारच्याचा अपमान, असं वाटून दुसरं भोक ठेवलं. पण गिऱ्हाइकांना तसं काही वाटलं नाही. लोक वॉकमन एकेकट्यानेच वापरू लागले आणि ते बटण पुढच्या मॉडेलांमधून गेलं. हे केशरी बटण लक्षात ठेवा, शेवटी ते परत येणार आहे.

दिव्याकडे वळू. रूळ इथून गेले १ मे १८५४ ला, ठाणे-कल्याण मार्ग सुरू झाला तेव्हा. वस्ती मात्र अगदी अलीकडची. आम्ही इथे आलो ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईतली खोली परवडेना म्हणून. आमच्यासारखेच बाकीचे, आणि त्यात कोकणातले पुष्कळ. वॉकमन इथे आला तो नवा नाही, बहुधा कुणाच्या तरी हातावरून उतरून. कुणाचा मामा आखातात, कुणाचा भाऊ मनीष मार्केटात. आणि काही उल्हासनगरहून. त्या मालावर 'मेड इन यूएसए' असायचं आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद या पट्ट्यात प्रत्येकाने एकदा तरी केलेला आहे.

वॉकमन एकदाच घ्यायचा, सेल मात्र सारखे. दोन पेन्सिल सेल. खर्च सगळा तिथे. म्हणून कॅसेट मागे न्यायची असली की ती बाहेर काढून पेनावर अडकवून गरगर फिरवायची, रिवाइंडला सेल जाळायचे नाहीत. सेल मंदावले की गाणं आधी जड व्हायचं, लताबाई हळूहळू पुरुषी आवाजात गायला लागायच्या. मग सेल काढून खिडकीत उन्हात ठेवायचे. उन्हाने थोडी जान यायची, दोन-चार गाण्यांपुरती. दिव्याहून सावंतवाडीला जाणारी पॅसेंजर गाडी आमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. दिवसभराचा प्रवास. तिकिटाच्या रांगेत असताना शेजारच्या दुकानातून सेलची जोडी घेणं हा गावी जाण्याच्या तयारीचाच भाग होता. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आत शिरलं की रेडिओवाले गप्प व्हायचे आणि कॅसेटवाल्यांना एकदम भाव यायचा. अशा वेळी इयरफोनची एक बाजू शेजारच्याला द्यायची पद्धत होती. नकार देणं फार वाईट दिसायचं.

या वाटून ऐकण्यावर जरा थांबू. दोन बडांमधली वायर फार तर हातभर. दोघांनी ऐकायचं तर खांद्याला खांदा लागतोच. किती मैत्र्या आणि किती लग्नं त्या हातभर वायरीवर जुळली असतील, याची नोंद रेल्वेने ठेवलेली नाही. (हशा) आणि शास्त्रीय अंगाने बघितलं तर दोघांनाही अर्धंच गाणं मिळायचं. एकाला उजवं, दुसऱ्याला डावं. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये काही वाद्यं एकाच बाजूला असत. एकाला व्हायोलिन जास्त, दुसऱ्याला तबला. तरी दोघं एकाच वेळी मान डोलवायचे.

दुरुस्तीचं शास्त्र तर वेगळंच. वायर नेहमी पिनेच्या मानेपाशी तुटते. उपाय म्हणजे रिफिलवाल्या पेनातली स्प्रिंग काढून तिथे चढवायची. तरी तुटली तर कापून डाग द्यायचा. पण आतल्या तारा केसासारख्या असतात आणि त्यांच्यावर लाल-हिरवं लाखेसारखं लुकण असतं, त्यावर डाग बसत नाही. आधी काडेपेटीची काडी लावून ते जाळावं लागतं. हे न कळल्यामुळे आमचे पहिले तीन इयरफोन वाया गेले. कधीकधी मधली सामाईक तार तुटायची. तेव्हा एक चमत्कार व्हायचा : गाण्यातून गायक गायब! वाद्यं चालू, कोरस चालू, गायक नाही. त्याचं कारण असं की सामाईक तार गेल्यावर कानात डाव्या-उजव्यातला फक्त फरक पोचतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असतो, म्हणून तोच नेमका कटतो. पिन अर्धवट ओढूनही हे करता यायचं. डब्यातल्या भजनी मंडळींपैकी एक काका तसं करून मूळ चालीवर स्वतः गुणगुणायचे.

२००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम केंद्रं आली. मग काडेपेटीएवढे रेडिओ आले, त्यांच्यावर स्कॅन आणि रीसेट अशी दोनच बटणं. गाडीत फेरीवाले ते विकायचे, सोबत इयरफोन फुकट. खरं तर तो फुकट नव्हताच, त्याशिवाय रेडिओ चालायचाच नाही. इयरफोनची वायर हीच एरियल. पुढे मोबाइलमध्ये रेडिओ आला तेव्हाही तेच. वायर लावल्याशिवाय फोन रेडिओ सुरूच करायचा नाही. त्यामुळे दारात उभा असलेला माणूस वायर कधी कॉलरला, कधी बॅगेच्या पट्ट्याला गुंडाळून कुठे लागतंय ते बघायचा. उलटं डोंबिवलीला जाऊन फास्ट पकडणारे आमच्यासारखे लोक पारसिकच्या बोगद्यात शिरले की मिनिट-दीड मिनिट कानात नुसतं खर्रर्र. सगळ्या डब्यात एकाच क्षणी पाच-पंचवीस हात कानाकडे जायचे. आता फास्ट लोकलला तो बोगदाच लागत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवे रूळ सुरू झाल्यावर त्या मुंब्र्यावरून जातात, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना दिला. तोवर एफएम ऐकणारेही कमी झाले होते म्हणा.

मधल्या काळातलं मेमरी कार्ड विसरून चालणार नाही. स्टेशनबाहेरच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्ड 'भरून' मिळायचं. भावगीतं, भीमगीतं, कोळीगीतं, भोजपुरी, जे हवं ते. कायद्याने ते चूकच होतं. कायद्यावरून आठवलं, १९८९ च्या रेल्वे कायद्यात आमचा विषय जवळजवळच्या तीन कलमांत बसतो. इयरफोन विकणारा विनापरवाना फेरीवाला कलम १४४ मध्ये, इयरफोन न लावता मोठ्याने गाणी वाजवून उपद्रव देणारा १४५ मध्ये, आणि रूळ ओलांडणारा १४७ मध्ये.

हे तिसरं कलम हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दिव्याचं फाटक तुम्हाला माहीत आहे. पूर्व आणि पश्चिम अशी गावाची दोन टोकं आणि मधे रूळ. एका पावसाळी संध्याकाळी आम्ही ते ओलांडत होतो. नवे इयरफोन, रबरी टोप्यांचे, कान अगदी बंद करणारे. दोन्ही कानांत. समोरून एक गाडी गेली, ती बघितली आणि पाऊल टाकलं. भाजी घेऊन चाललेल्या एका मावशींनी मागून दंड धरून ओढलं. दुसऱ्या रुळावरून दुसरी गाडी आली होती. तिचा भोंगा आम्हाला ऐकूच आला नव्हता. मावशींनी हासडलेली शिवी मात्र पूर्ण ऐकू आली, कारण ओढाताणीत वायर निघाली होती. कोणतं गाणं चालू होतं ते आज काही केल्या आठवत नाही. मावशींचं नाव विचारायचं राहिलं.

तेव्हापासून आम्ही एका कानाचे. पण सगळ्यांना अशी मावशी भेटत नाही. आणि बाजार उलट्या दिशेने चाललाय. २०१६ चे शेवटचे चार महिने आठवा. सप्टेंबरमध्ये जिओ आलं, त्याच आठवड्यात ॲपलने फोनचं गोल भोक काढून टाकलं, नोव्हेंबरात नोटा गेल्या आणि १८ डिसेंबरला दिव्याला फास्ट लोकल थांबायला लागली. यातलं शेवटचंच आमच्यासाठी ऐतिहासिक होतं, कारण त्यासाठी लोक वर्षानुवर्षं भांडले होते, २ जानेवारी २०१५ ला तर रुळांवर उतरले होते. पण कानांच्या दृष्टीने भोक जाणं महत्त्वाचं. वायर गेली, गळ्यातले पट्टे आले, मग सुटे बड आले. सुटा बड शर्टावर लोंबत ठेवता येत नाही. तो एक तर कानात, नाहीतर डबीत. गर्दीत एक जरी पडला तर शोधणार कुठे? म्हणून दोन्ही कानांतच राहतात.

त्यात भर म्हणजे बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन. ही कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून निघालेल्या विमानात सुचली. विमानात ठीक आहे. तिथे प्रवाशाने घरघर ऐकून काही करायचं नसतं. लोकलच्या प्रवाशाला मात्र तीच घरघर ऐकायची असते. दारात लटकणाऱ्याचे दोन्ही हात दांड्याला असतात, डोळ्यांपुढे माणसं असतात, त्याच्याजवळ मोकळे उरतात ते कानच. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं खाली पडून गेली. त्या दुर्घटनेचा इयरफोनशी काही संबंध नाही. दिव्याचा माणूस कुठे उभा राहून गाणं ऐकतो, ते कळावं म्हणून फक्त सांगितलं.

आणि आता केशरी बटण. अलीकडच्या महागड्या बडांमध्ये एक सोय असते. दांडी दाबून धरली की बाहेरचा माइक सुरू होतो आणि आजूबाजूचं बोलणं, गाडी, हाक, सगळं ऐकू येतं. जाहिरातीत ते मोठं नवं म्हणून सांगतात. आमच्या शेजारच्या मुलाने परवा आम्हाला ते कानात घालून दाखवलं, फलाट क्रमांकाची घोषणा चालू असतानाच. "बघा काका, काढायला लागत नाही." किंमत विचारली. आमच्या पहिल्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती.

इथे टेबलावर आमचा जुना डबा ठेवलाय, जाताना बघून जा. स्प्रिंग लावलेले तीन आहेत, रबरी टोप्यांचा तोही आहे. सगळ्यात खाली वडिलांच्या ट्रान्झिस्टरचा एका कानाचा, पिवळट पडलेला. तो अजून चालतो. काल तपासायला काढला, तर लावायला घरातल्या एकाही फोनला भोक नव्हतं. शेवटी धाकट्याच्या जुन्या कीबोर्डला लावून ऐकला. कुणाला हवं असेल तर प्रश्न विचारा, माइक मागे पाठवतो.