मागींचे मुकुट

दावीद राजाच्या बेथलेहेमात जन्मलेल्या येशूस ख्रिस्ती श्रद्धा त्या राजवंशाचा वारस मानते. उलट यहूदियाचे तख्त ज्याच्या कबजात होते तो हेरोद दाविदाच्या कुळातला नसून, इ. स. पूर्व ४० मध्ये रोमच्या सिनेटने बहाल केलेल्या राजपदावर बसलेला होता, आणि म्हणूनच पूर्वेकडून आलेल्या मागी ह्या ज्ञानी पुरुषांनी नवजात राजाची केलेली साधी चौकशी त्यास बंडाइतकी झोंबली. मत्तयाच्या शुभवर्तमानात हे मागी राजे नाहीत, त्यांची संख्याही नाही. सोने, ऊद व गंधरस ह्या तीन नजराण्यांवरून ते तिघे ठरले. राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातील कुट्टिमचित्रात सम्राज्ञी थिओडोराच्या झग्याच्या काठावर ते नजराणे घेऊन लगबगीने चाललेले दिसतात, पण इराणी वेषात. मुकुट मागाहून चढले. ११६४ मध्ये त्यांच्या मानल्या गेलेल्या अस्थी बार्बारोसा सम्राटाच्या मर्जीने मिलानहून कोलोनला गेल्या, आणि आखेनला अभिषेक झालेले जर्मन राजे तेथे दर्शनास येऊ लागले; ह्या भक्तीत राजकारण मुळीच नव्हते असे कोण म्हणेल? ते मुकुट आजही दिसतात: गोव्यात कांसावली, आरोशी व कुवेली ह्या तीन गावांतील एकेक मुलगा ६ जानेवारीस, ह्या तीन राजांच्या सणाला, मुकुट घालून घोड्यावरून टेकडीवरील कपेलाकडे जातो.